गवरीच्या ओट्याचा दगड

मकराना,
१२ जानेवारी

गवरीबाई,

रामराम. आधी या हातांनी काय काय केलं ते लिहितो. तुझ्या घरी जे येणार आहे ते याच रांगेत बसायचं आहे, म्हणून.

डीडवान्याच्या देवळाची जाळी, एकाच लादीतून कोरलेली, कुठेही सांधा नाही. कुचामणच्या ठाकुरांच्या अंगणातलं कमळाचं कारंजं. बापूंच्या नावानं गुरांना पाणी प्यायला बांधलेलं कुंड. शाळेच्या हेडमास्तरांच्या मेजाचा माथा. त्यावर गोटी ठेवली तर जागची हलत नाही, मी ठेवून पाहिली आहे. दुबईच्या कुणा शेखासाठी न्हाणीचा टब. लांबी बरोबर उतरली का हे बघायला मी त्यात कपड्यांसकट आडवा झालो होतो, तेव्हा तुझी भावजय दारातून ओरडली होती, "उठा आता, शेख आले!" पोळपाट किती केले त्याची गणती नाही. त्यातला एक तू लग्नात जोधपूरला नेलास. त्याची कड तुझ्या सासूनं पहिल्याच वर्षी उडवली आणि वर नाव दगडाला ठेवलं.

यातलं काही कुणी शिकवलं नाही. बापू खाणीत दोर ओढायचे. छिन्नी कशी धरायची ते मी दुसऱ्यांच्या हातांकडे बघून शिकलो, आणि पुढे त्यांच्याच चुका त्यांना दाखवल्या.

आखातीजेला, अक्षय्य तृतीयेला, तुझ्या नव्या घरात पाऊल ठेवायचं, नांगल ठरलं हे कळलं. त्या दिवशी भावानं बहिणीच्या परींड्याचा दगड घेऊन जायचा ही आपल्या घरची रीत. पाण्याचे माठ माहेरच्या दगडावर बसले की त्या घरात पाणी कमी पडत नाही, असं आई म्हणायची. मी त्यात भर घालतो आहे. परींड्याबरोबर स्वयंपाकाचा अख्खा ओटाही माझ्याकडून. अलबेटा खाणीची एक लादी बाजूला काढली आहे. पांढऱ्यात राखी रेघ, पाण्यात दूध सोडल्यावर दिसते तशी. चकाकी देणार नाही, नुसती घोटून मऊ ठेवीन. चकाकत्या संगमरवरावर लिंबू सांडलं की चट्टा उठून दिसतो, घोटलेल्यावर तो अंगात मुरून जातो.

मापं पाठव. भिंत कुठे वाकडी आहे, गॅस कुठे येणार, पीठ मळताना तू कुठे उभी राहतेस, सगळं. मापं महिपालकडून घे. तुझा मुलगा दगडाच्या दुकानात कामाला आहे, एवढं तरी त्याला येत असेल.

फोन करू नकोस. कटरच्या आवाजानं कान खाल्ले. फोनवर तुझं बोलणं म्हणजे डब्यात हलवलेले खडे. पत्र मला नीट ऐकू येतं.

पूसाराम


जोधपूर,
२५ जानेवारी

भाईसा,

गवरीचा नमस्कार. तुमचं पत्र मंजूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेखाच्या टबापाशी आम्ही सासू-सुना इतक्या हसलो की कढी उतू गेली.

आता जे लिहिते त्यावर रागावू नका. ओट्याचं महिपालनं आधीच ठरवलं आहे. त्याच्या सेठच्या शोरूममधला क्वार्ट्झ बसवायचा, पांढरा, सोनेरी रेघांचा. कामावरचा माणूस म्हणून त्याला तो निम्म्या भावात मिळतो. मंजूलाही तोच हवा. म्हणते, "हळद सांडो, लिंबू सांडो, फडकं मारलं की साफ. मामोसांच्या दगडाला लिंबापासून जपायचं की तुमच्या लेकाला मिरचीवड्यापासून? दोन्ही मला झेपणार नाही." तिची जीभ तुम्हाला माहीत आहे. मनानं वाईट नाही.

परींडा मात्र तुमचाच. त्याला कुणी हात लावणार नाही. माठांच्या जागेचं माप सोबत जोडलं आहे.

महिपालला सेठनं वर चढवलं. आता सिंकचं आणि शेगडीचं भोक कापायचं काम फक्त त्याच्याकडे, कारण त्याचा हात हलत नाही. तुमच्यावर गेला आहे. पूर्वी ते काम दुकानामागे उघड्यावर चालायचं. शेजाऱ्यांनी धुळीची तक्रार केली, म्हणून सेठनं मागच्या खोलीची खिडकी बंद करून सगळं आत घेतलं. घरी येतो तो पार भुतासारखा पांढरा. मी त्याचे कपडे गच्चीवर नेऊन झटकते तेव्हा कबुतरं उडून जातात. थंडीचा जरा खोकला धरलाय, आल्याचा काढा देते.

तुमची,
गवरी


मकराना,
३ फेब्रुवारी

गवरीबाई,

क्वार्ट्झला दगड म्हणतात हे मला आज तुझ्या पत्रातून कळलं. दगड डोंगर देतो. हा कारखान्यात होतो. दगडाचा भुगा करायचा, डिंकासारख्या रसायनात कालवायचा, रंग टाकायचा, दाबायचा, भाजायचा. आपल्याकडे त्याला बर्फी म्हणतात. सोनेरी रेघ हवी तर सोनेरी, उद्या मंजूला मोर हवा असेल तर मोरही काढतील. संगमरवरात एक रेघ यायला जेवढा काळ लागला तेवढ्या काळात तुझ्या सेठच्या शंभर पिढ्या दुकान उघडून बंद करतील. त्यावर बाजरीच्या सोगऱ्याचा तापलेला तवा एकदा उतरवून ठेव आणि खाली काय होतं ते बघ. डिंक पिवळा पडतो, आणि तो डाग मग कुठल्याही फडक्यानं जात नाही. माझ्या दगडाला डाग पडला तर मी येऊन पुन्हा घोटून देईन. बर्फी घोटता येत नाही. माझ्या बहिणीच्या घरी माझ्याच भाच्यानं ती बसवावी आणि मी परींड्याचा तुकडा काखेत मारून उभं राहावं! गावात विचारतील तेव्हा काय सांगू? लिंबाला भ्यालो?

दुसरी गोष्ट. महिपाल कापतो ते कोरडं की पाणी सोडून? तोंडाला काय बांधतो? रुमाल बांधत असेल तर त्याचा उपयोग नाही. आमच्या संगमरवराची धूळ बरीचशी चुन्याची. तीही खायची वस्तू नाही, पण छातीत ती तशी घर करत नाही. या क्वार्ट्झमध्ये शंभरात नव्वद भाग काचेसारखी वाळू असते. तुमच्या सुरसागरच्या खाणीतल्या लाल दगडाहून जास्त. आणि त्या दगडानं तुझ्या घरी काय केलं ते तुला सांगायला नको. बंद खोलीत हे काम करायचं नसतं. ते कपडे झटकू नकोस.

लादी अजून बाजूला ठेवली आहे. विचार कर.

पूसाराम


जोधपूर,
२० फेब्रुवारी

भाईसा,

पत्र वाचून मी ते चार दिवस पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं.

ओट्यावरून भांडायचं तर भांडा. पण त्या भांडणात तुम्ही महिपालच्या बापूंना ओढाल असं वाटलं नव्हतं. ते टीबीनं गेले. सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, गोळ्या सुरू होत्या, सगळ्या सुरसागरनं पाहिलं. खाणीतली निम्मी माणसं टीबीनंच गेली. तुमचा दगड घेतला नाही म्हणून तुम्ही मला विधवापण आठवून द्यावं?

महिपालनं पत्र वाचलं आणि हसला. म्हणाला, "मामोसांचा धंदा बसत चाललाय, दुसरं काही नाही. सेठ सांगतातच, मकरान्याचा प्रत्येक माणूस क्वार्ट्झबद्दल असंच बोलतो. आज धूळ, उद्या म्हणतील त्यानं टक्कल पडतं." मीही त्याला गप्प बस म्हटलं नाही. तुमच्या अभिमानाची गोष्ट जोधपुरात पोरंसुद्धा सांगतात.

ओटा बसला. दुकानात जागा नव्हती, म्हणून महिपालनं तो आपल्याच नव्या स्वयंपाकघरात कापला. दोन दिवस घरात धुकं पडल्यासारखं होतं. मंजू पुसून पुसून थकली. चांगला दिसतो, खोटं कशाला बोलू. लादी वर नेताना महिपाल जिन्यात मध्येच बसला, मला म्हणाला, "माँ, रात्री झोप झाली नाही." वय तीस नाही आणि जिन्यात बसतो. हल्लीची पोरं.

नांगलला या किंवा येऊ नका. परींड्याची जागा रिकामी ठेवली आहे.

गवरी


मकराना,
१ मार्च

गवरी,

ओट्याबद्दल यापुढे एक शब्दही लिहिणार नाही. मागच्या पत्रात बर्फी आणि तवा यांना वर बसवलं आणि धुळीला खाली. तुम्ही वरचं वाचलंत. तो दोष वाचणाऱ्याचा नाही.

आता फक्त हे वाच. महिपालच्या बापूंना, जसारामजींना, मी त्यांच्या शेवटच्या वर्षात तीनदा भेटलो. टीबीच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला, पुन्हा झाला, तिसऱ्यांदा झाला. थुंकी तपासली तर त्यात कधी काही सापडलं नाही. ताप नव्हता. फक्त दम. आधी ते चढावर बसायचे, मग जिन्यात, मग खाटेवरून उठताना. पुढे मी इथल्या मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरांच्या घरी जिना बसवत होतो तेव्हा त्यांना हे सगळं विचारलं. ते म्हणाले, टीबीनं असं होत नाही, ही धूळ. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही कारण माणूस गेलेला होता.

महिपाल जिन्यात बसला हे तू लिहिलंस. मी ते वाचून कारखान्यातलं मशीन बंद केलं आणि घरी आलो.

तुम्हाला वाटतं मी माझ्या दगडासाठी बोलतो. मग माझा दगड मी बाजूला काढतो. सौदा कर. महिपालला छातीचा फोटो काढायला ने. डॉक्टरांना नुसता खोकला आहे असं सांगू नका, 'क्वार्ट्झ कापतो, कोरडा, बंद खोलीत' असं सांगा. एवढं केलंत तर नांगलच्या दिवशी समाजाची माणसं विचारतील, ओटा कुणी दिला, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगेन की मी दिला, मी निवडला, आणि चांगला आहे. पगडी घालून सांगेन.

पूसाराम


जोधपूर,
२४ मार्च

भाईसा,

तुमचं पत्र महिपालला दिलं. सौद्याची ओळ वाचून तो खाटेवर उडालाच. "मामोसा क्वार्ट्झ चांगला म्हणणार? सगळ्यांसमोर? मकराना उलटा होईल! एक काय, दहा फोटो काढतो." मंजूला म्हणाला, "तू मोबाईल तयार ठेव, त्या दिवशी रेकॉर्ड करायचं." असे हसत हसत आम्ही गेलो.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "काम काय?" महिपालनं तुम्ही लिहिलं होतं तसं सांगितलं, तेही मजेत. डॉक्टर हसले नाहीत. दुसऱ्या मोठ्या मशीनवर पाठवलं. मग मला आत बोलावून विचारलं, "याचे वडील काय करायचे?" मी म्हटलं, "सुरसागरला खाणीत." ते म्हणाले, "तेव्हा काय झालं असं सांगितलं होतं?" मी म्हटलं, "टीबी." त्यांनी मान हलवली आणि खाली बघितलं.

दोन्ही बाजूंना आहे, भाईसा. बारीक बारीक ठिपके, बाजरी सांडल्यासारखे. म्हणाले, जे झालं ते मागे जाणार नाही. आज हे काम सोडलं तर वाढ थांबू शकेल किंवा हळू होईल. सोडलं नाही तर वडिलांहून लवकर. क्वार्ट्झ कापणाऱ्यांना खाणीतल्यांपेक्षा लवकर होतं, म्हणाले.

मी रोज गच्चीवर त्याचे कपडे झटकत होते. स्वतःच्या हातानं हवेत उडवत होते, आणि मंजू तिथंच पापड वाळत घालायची.

महिपालनं सेठला अजून सांगितलं नाही. म्हणतो, नांगलपर्यंत काम करतो, मग बघू. मी दाराशी बसून राहते, बाहेर जाऊ देत नाही, तर तो मला ओलांडून जातो. त्याच्या बापूंचं काय झालं होतं ते त्याला मी सांगायचं की तुम्ही?

गवरी


मकराना,
२८ मार्च

गवरी,

मी सांगतो. हे पत्र पोचेल त्याच्या मागोमाग सकाळच्या गाडीनं येतोय. तोवर त्याला दुकानात जाऊ देऊ नकोस. चप्पल लपव, काहीही कर. घरातली धूळ झाडूनं काढू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं तसंच ओलं फेकून द्या. तू आणि मंजू दोघीही फोटो काढून घ्या.

त्याला नुसतं बसवून ठेवणार नाही. मला घरोघरी जाऊन मापं घेणारा माणूस हवा आहे. माझ्या कारखान्यात धूळ नाही असं मी म्हणत नाही. ती कमी वाईट आहे एवढंच. म्हणून तो आत येणार नाही. टेप, कागद आणि गिऱ्हाईकाचं घर. कटरला हात लावायचा नाही. पगार तिथल्यापेक्षा निम्मा पडेल. खोटी आशा लिहीत नाही.

पूसाराम


जोधपूर,
४ मे

भाईसा,

नांगल पार पडून चार दिवस झाले. परींड्यावर माठ बसले. दगडाला हात लावला की उन्हाळ्यातही गार लागतो. सकाळी पाणी भरताना मी एकदा लावतेच.

त्या दिवशी मी बायकांत होते, गाणी चालू होती, पण कान तुमच्याकडे होते. आपल्या समाजातल्या भोमारामजींनी ओट्यावर टिचकी मारली आणि मोठ्यानं विचारलं, "अरे, हा कुणी दिला?" महिपालनं मान खाली घातली. सौदा असा पुरा व्हावा असं त्याला आता वाटत नव्हतं. तुम्ही पगडी सरळ केलीत आणि म्हणालात, "मी दिला. मी निवडला. ओटा म्हणून चांगला आहे." भोमारामजींनी चष्मा काढून पुसला. "पूसाराम, तब्येत बरी आहे ना? मकरान्यात दगड संपला की काय?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. मंजूनं मोबाईल काढला नाही. ती आत जाऊन रडली.

सेठही जेवायला आले होते, त्यांनीही ऐकलं. आता दुकानातल्यांकडून महिपालच्या कानावर आलं आहे की दुसऱ्या दिवशी सेठनं तुम्हाला बोलावलं होतं आणि "मामानं लक्ष्मीला लाथ मारली". महिपाल चिडलेला नाही, पण हिशेबाची वही उघडून बसतो. तुमच्याकडचा पगार निम्मा, औषधं सुरू, मंजूनं शिवणाचं काम धरलं आहे. घरात रोज हाच विषय निघतो.

सेठ काय म्हणाले आणि तुम्ही नाही का म्हणालात? आडपडदा न ठेवता लिहा. माझ्या लेकाच्या घासाची गोष्ट आहे. मला कळायला हवं.

गवरी


मकराना,
९ मे

गवरीबाई,

तुला विचारायचा हक्क आहे. सगळं लिहितो.

सेठनं बोलावलं म्हणून मी गेलो, पण आधी म्हटलं, मागची खोली दाखवा. खिडकी विटांनी बंद. तीन कारागीर कापत होते, तिघांच्या तोंडाला रुमाल. दिव्याभोवती धूळ अशी, की दिवा दुसऱ्या गावात लावल्यासारखा. एकजण मला बघून उठला, हात जोडले आणि खोकला. मला ऐकू आला नाही, पण छाती हलताना दिसली. त्याच्या जागेवर मार्चपर्यंत महिपाल बसत होता.

बाहेर येऊन मी सेठला म्हटलं, "कटरवर पाणी सोडा. खिडकी उघडा. धूळ ओढणारा पंखा लावा, आणि रुमालाऐवजी खरे मास्क द्या." सेठ शांत माणूस आहे, शिवी देत नाही. म्हणाला, "पाणी सोडलं तर कामं निम्मी होतात, चिखल होतो, शेजारी पुन्हा ओरडतात. भाव वाढला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. मी एकटा कसा करू?" मला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही म्हणून तो हे कानाशी ओरडून म्हणाला. पुढचंही त्याला ओरडूनच सांगावं लागलं. मागचे कारागीर सगळं ऐकत होते. तुझ्याकडे बातमी आली ती तिथून.

मग म्हणाला, "पूसारामजी, काल तुम्ही जे बोललात ते मी रोज पैसे देऊनही कुणाकडून बोलवून घेऊ शकलो नसतो. मकरान्याचा कारागीर, स्वतःच्या बहिणीला क्वार्ट्झ देतो! माझ्या शोरूममध्ये बसा. पगडी घालून. गिऱ्हाईक आलं की तेच सांगा, दुसरं काही नाही. खोटं बोलायला मी सांगत नाही, शब्द तुमचेच आहेत."

खरंच माझेच आहेत. आणि ओटा म्हणून तो चांगला आहे, हळद धरत नाही, मी रीतसर पाहिलं. तव्याखाली लाकडाचा पाट ठेवत जा, एवढंच.

मी त्याला म्हटलं, "पाणी आणि पंखा आज लावा, मी उद्यापासून फुकट बसतो." हे तुलाही कळू दे. मी बसलो असतो. माझं नाव, पगडी, मकराना, सगळं त्याच्या दारात ठेवलं असतं. तो म्हणाला, "पाण्याचं दिवाळीनंतर बघू. आधी बसायला तर लागा." मी विचारलं, "आणि तोवर आत कोण बसणार?" त्यानं चहा मागवला.

ते शब्द मी एकदा दिले, त्याबदल्यात महिपालचा फोटो निघाला. मला ते स्वस्त पडले. पुन्हा बोललो तर प्रत्येक गिऱ्हाइकामागे त्या खोलीत एक भोक जास्त कापलं जाईल, आणि ते कापणाऱ्याची आई मला पत्र लिहिणार नाही. तिला माझा पत्ता ठाऊक नाही.

महिपालला वाईट वाटत असेल तर त्याला माझ्याकडे पाठव. मी त्याला हेच तोंडावर सांगेन. आणि तुझ्या घरात कमी पडलं तर मला लिही, लाजू नकोस.

सेठनं काय देऊ केलं ते दुसऱ्या कुणाकडून कमी-जास्त होऊन यायला नको, म्हणून नेमकं लिहितो. शोरूममध्ये दर्शनी जागी खुर्ची, वर राहायला खोली, दोन्ही वेळचं जेवण, आणि पहिल्या तारखेला हातात रोख. मी नाही म्हणालो. रक्कम दरमहा ऐंशी हजार रुपये.

पूसाराम